वाडी असताना कुंडी कशाला?

स्वयंपाकघराच्या दाराशी चार कुंड्या ठेवा, त्यांत कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता लावा आणि हवं तेव्हा खुडून घ्या, हा सल्ला मराठीत आता इतक्यांदा छापून आला आहे की तो नेमका कुणासाठी आहे हे विचारायचं राहूनच जातं. तो देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा सदनिकेची गॅलरी असते आणि जागा नाही म्हणून कुंडी, असा त्याचा हिशेब असतो. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात हा हिशेब पहिल्याच पायरीवर अडतो. धानाच्या पट्ट्यातल्या अशा गावात घरापुढे आंगण असतं, घरामागे सांदवाडी असते, न्हाणीच्या सांडपाण्यावर धोपा (अळू) आपोआप माजतो आणि कुंपणावर वाल चढतो. जमीन पायाखाली असताना माती डब्यात भरून तिला रोज पाणी पाजायचं, हा शहरी चाळा नाही तर काय, असं कुणी विचारलं तर ते चूक म्हणता येत नाही. तरीही माझं म्हणणं असं आहे की इथे कुंडीला काम आहे, फक्त ते जागा वाचवण्याचं नाही. पावसाळ्यातला चिखल, आंगणातल्या कोंबड्या-शेळ्या आणि कामाच्या दिवसांत सांदवाडीपर्यंत जाण्याचीही न उरणारी सवड, या तीन गोष्टींवर कुंडी उपयोगी पडते. एकदा हे ध्यानात घेतलं की काय लावायचं, कशात लावायचं आणि कोणत्या महिन्यात लावायचं याची उत्तरं बदलतात, आणि शहरातून आलेला अर्धा सल्ला बाजूला ठेवावा लागतो.

तो सल्ला आला कुठून हे आधी पाहायला हवं, कारण त्यामागे चांगली माणसं आणि चांगले प्रयोग आहेत. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. पालापाचोळा, काडीकचरा कुजवून त्यापासून जिवंत माती घडवता येते आणि ती थोड्या जागेत भरपूर पिकवते, हे त्यांनी शेतकऱ्यांना हाताशी धरून दाखवलं. मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी उसाच्या चिपाडावर गच्चीतली शेती केली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहात प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास त्याच इमारतीच्या गच्चीवर बाग सुरू केली, आणि स्वयंपाकघरात रोज निघणारा ओला कचरा तिथेच जिरू लागला. केनियाच्या नैरोबी शहरात किबेरा नावाची मोठी झोपडवस्ती आहे. २००८ मध्ये सॉलिदारिते या फ्रेंच संस्थेने तिथल्या कुटुंबांना पोत्यात भाजी लावायला शिकवलं. पोत्याच्या बाजूंना भोकं पाडून त्यांत रोपं खोचायची, म्हणजे हातभर जागेत उभी बाग होते. या शहरी प्रयोगांतली अडचण कमीअधिक सारखीच आहे: जमीन नाही, स्लॅबवर वजन चालत नाही, कचरा टाकायचा कुठे हा प्रश्न आहे. एकोडीत यातलं काहीच नाही. शेण गोठ्यात आहे, तूस भातगिरणीवर पडून आहे, ओला कचरा गुरं खातात. म्हणून दाभोलकरांकडून माती घडवण्याची दृष्टी घ्यावी आणि जागेची काटकसर मुंबईवर सोडून द्यावी. नारळ न पिकणाऱ्या जिल्ह्यात कोकोपीटची वीट विकत आणणं तर मला निव्वळ उधळपट्टी वाटते.

आता इथली जमीन आणि इथलं आभाळ पाहू. या भागातला शेतकरी आपल्या जमिनीला काळी-लाल एवढ्यावर ओळखत नाही. कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी अशी तिची नावं आहेत आणि प्रत्येक नावाबरोबर पाणी किती धरते, धान कसा येतो, याचं ज्ञान आलेलं आहे. धानाला जी जमीन चांगली, ती पाणी धरून ठेवणारी. बांधीत चिखल करून रोवणा (धानाची लावणी) करायचा तर तोच तिचा गुण. सांबाराला (उरलेल्या महाराष्ट्राच्या कोथिंबिरीला विदर्भात सांबार म्हणतात) नेमका तोच गुण मारक ठरतो. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सांदवाडीतल्या वाफ्यात जुलैत पेरलेले धने उगवतात, दोन पानांवर येतात आणि सलग तीन दिवस झड लागली की मुळाशी काळे पडून कोलमडतात. जे वाचतात त्यांना कवेलूंवरून पडणारी धार झोडपते. पाऊस उघडला की ओल्या मातीत किडे शोधायला कोंबड्या येतात, आणि कोंबडीच्या पायाखाली गेलेला वाफा पुन्हा पेरायचाच असतो. नागझिऱ्याच्या जंगलाजवळच्या गावांत वानरांचा त्रास वेगळाच. छपरीत, पावसाच्या फटकाऱ्यापासून आत आणि कंबरेच्या उंचीवर ठेवलेला डबा यातल्या बऱ्याच संकटांतून सुटतो. वानरांवर मात्र कुंडी हा उपाय नाही. दाराजवळ माणसांची ये-जा असते म्हणून ती थोडी बिचकतात, इतकंच.

तिसरं कारण वेळेचं. जुलै-ऑगस्टात रोवण्याचे दिवस आले की बाया सकाळीच शिदोरी घेऊन बांधीत जातात आणि दिवसभर वाकून अंधारताना परततात. त्या वेळी चूल पेटवायची, भाजीला फोडणी द्यायची आणि वरून घालायला काही हिरवं हवं असतं. घरामागच्या अंधारात, चिखलात, विंचूकाट्याची भीती बाळगून वाफ्यापर्यंत कुणी जात नाही. अशा दिवसांत सांदवाडीत असलेली वस्तू ताटात येत नाही, हातभर अंतरावर असलेली येते. परसबागेच्या योजना आखणाऱ्यांनी या अंतराकडे पुरेसं लक्ष दिलेलं नाही असं मला वाटतं. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नतीच्या ‘उमेद’ अभियानाने २०२१ मध्ये ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम राज्यभर चालवली. बचतगटांच्या बायांनी गोल आखणीचे वाफे केले आणि पालेभाज्या, शेंगभाज्या, फळभाज्या लावल्या. भाजीसाठी ते योग्यच आहे, कारण भाजी दिवसातून एकदा ठरवून तोडायची असते. फोडणीत टाकायची चार पानं किंवा वरून घालायचा चिमूटभर सांबार ही ठरवून आणण्याची वस्तू नाही, तिची आठवणच कढई चुलीवर चढल्यावर होते.

कुंडीतून निघतं तरी किती, हे मोजून पाहावं. बाजारासाठी सांबार पिकवणाऱ्या शेतात चाळीसेक दिवसांत हेक्टरी दहा ते पंधरा टन हिरवा पाला निघतो, म्हणजे चौरस मीटरला एक ते दीड किलो. एक फूट व्यासाच्या कुंडीचं तोंड जेमतेम ०.०७ चौरस मीटर असतं. त्यातून उत्तम पिकलं तर सत्तर ते शंभर ग्रॅम, बाजारातली एखादी जुडी. दोन फूट लांब आणि सव्वा-दीड फूट रुंद असा टमाट्याचा जुना क्रेट वापरला तर अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम. घरात रोज दहा ग्रॅम सांबार लागतो असं धरलं तर चाळीस दिवसांना चारशे ग्रॅम हवेत, म्हणजे एका क्रेटनेही भागत नाही, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरलेले दोन लागतात. हे आकडे पाहून कुणी म्हणेल, की आठवडी बाजारात भाजी घेतली तर भाजीवाली मूठभर सांबार फुकट घालते, मग एवढा खटाटोप कशाला? हिवाळ्यापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. डिसेंबरात सांबार सगळीकडे असतो आणि स्वस्त असतो, तेव्हा पैशाच्या हिशेबात कुंडी हरते. पण बाजार आठवड्यातून एकदा भरतो आणि सांबाराची जुडी तीन दिवसांत पिवळी पडते. उरलेल्या चार दिवसांसाठी कुंडी. फुकट घालण्याची रीतही पावसाळ्यात, सांबार महागतो तेव्हा, पहिल्यांदा बंद होते.

कुंडीच्या समर्थकांचा सगळ्यात मोठा दावा पोषणाचा असतो, आणि तिथे त्यांनी हात आखडता घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ टक्के आहे. एवढ्या मोठ्या दुखण्यावर दाराशी लावलेला पुदिना हे औषध नव्हे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढ माणसाने दिवसाला चारशे ग्रॅम भाज्या खाव्यात असं सांगते. त्यात दहा ग्रॅम सांबार कितीही गुणी असला तरी चाळिसावा हिस्सा भरतो. पानांतलं लोह शरीरात कमी प्रमाणात शोषलं जातं, हेही त्यात धरावं लागतं. लिंबू पिळल्याने ते वाढतं खरं, पण दहा ग्रॅमचा गुणाकार दहा ग्रॅमचाच राहतो. नुसत्या पानांचं सोडा, आख्ख्या परसबागांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. शेती आणि पशुपालनाच्या मार्गाने मुलांचं पोषण सुधारण्याचे जगभर जे प्रयत्न झाले, त्यांचा पद्धतशीर आढावा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१२ साली आला. अशा कार्यक्रमांनी घरात लावलेल्या वस्तूंचं खाणं वाढतं, अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत काही फायदा दिसतो, पण लोहाच्या किंवा मुलांच्या खुरटलेपणाच्या बाबतीत ठोस पुरावा फार थोडा, असा त्याचा सूर होता. मग पानांचा उपयोग काय? साधं वरण, चण्याची भाजी, पातळ आलन, शेवग्याचा पाला यांना चव येते आणि ती जास्त खाल्ली जातात. पोषण त्या वरणात आणि त्या पाल्यात आहे, पानं त्यांना तोंडापर्यंत पोचवतात. एवढं मान्य केलं तर कुंडीकडून खोटी अपेक्षा राहत नाही.

कुंडी कशाची आणि आत काय भरायचं, यावर सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळतो. बांधीतली किंवा सांदवाडीतली माती जशीच्या तशी डब्यात भरली तर महिन्याभरात ती विटेसारखी घट्ट होते. जमिनीत मातीखाली माती असते, पाणी खाली खेचलं जातं, गांडुळं आणि मुळं तिला पोकळ ठेवतात. डब्यात यातलं काही नाही. धुतलेलं धोतर दोरीवर टाकलं की वरून कोरडं होत जातं पण खालच्या काठाशी बराच वेळ पाणी धरून राहतं, तसंच डब्यातल्या मातीचं होतं: छिद्र असलं तरी तळाचा थर चिंब राहतो. मातीचे कण जितके बारीक, तितका हा थर जाड, आणि डबा जितका उथळ, तितका त्या थराने व्यापलेला हिस्सा मोठा. पाणी निघावं म्हणून तळाला खडी किंवा विटांचे तुकडे यांचा जाड थर द्यायची रीत आहे. त्याने चिंब थर जात नाही, नुसता वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. छिद्रावर कवेलूचा एखादा तुकडा पालथा घालावा, माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढा पुरे. खरा उपाय माती भरड करण्याचा, आणि त्यासाठी भंडाऱ्यासारखा जिल्हा नाही. धानाचं तूस भरपूर सिलिका असल्याने लवकर कुजत नाही आणि मातीत हवेच्या पोकळ्या राखतं. एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग तूस, एवढं मिश्रण बहुतेक पानांना चालतं. माती निवडता आली तर कन्हार टाळून सिहार किंवा खरडी घ्यावी. अर्धवट जाळून काळं केलेलं तूस आणखी चांगलं, पण पांढरी राख होईपर्यंत जाळलं तर ते अल्कधर्मी होतं. चुलीची राख चिमटीने ठीक, सुपाने नाही. शेणखत ताजं असेल तर मुळं जळतात आणि हुमणीच्या अळ्याही सोबत येतात. हाताला गरम लागत नाही, शेणाचा वास जाऊन मातीचा वास येतो, तेव्हा ते तयार झालं. भांडं म्हणाल तर मातीची कुंडी उन्हाळ्यात मुळं गार ठेवते पण पाणी जास्त पिते. प्लास्टिकची बादली पाणी वाचवते आणि उन्हात तापते, म्हणून ती फिक्या रंगाची आणि सावलीत असावी. तेलाचा पत्र्याचा पिपा दोन पावसाळे टिकतो. फक्त कीटकनाशकाचा रिकामा डबा, कितीही धुतला तरी, या कामाला घेऊ नये.

काय लावायचं यात मला निवड कडक हवी असं वाटतं, कारण यादी लांबली की सगळ्याच कुंड्या सुकतात. गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, हे मुळात झाड आहे. जमीन असताना ते कुंडीत कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. सांदवाडीच्या दाराजवळच्या कोपऱ्यात लावलं तर दोन-तीन वर्षांत वर्षभर पुरेल इतकं देतं. बी ताजंच रुजतं, नाहीतर मोठ्या झाडाच्या मुळाशी फुटलेली पिलं काढून लावता येतात. कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी तपकिरी-पांढरी अळी बसलेली दिसते, ती लिंबावरच्या फुलपाखराची. मोठी झाली की हिरवी होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून आंबूस वास सोडते. तिला फवारणी लागत नाही, सकाळी हाताने वेचली की भागतं. गवती चहाही जमिनीतच बरा, त्याची जुडी दोन वर्षांत कुंडी फोडते. धोप्याला न्हाणीचं पाणी लागतं, आल्याला सावलीतला वाफा. या सगळ्यांना कुंडीबाहेर काढलं की कुंडीसाठी उरतात ते मोजके: पुदिना, पानओवा, लसणाची पात, एखाददुसरी मिरची आणि ऋतू पाहून सांबार व मेथी. पुदिना बाजारच्या जुडीतूनच लागतो. खालची पानं काढून काड्या पाण्यात ठेवल्या तर आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. त्याला कुंडीत एकटं ठेवायचं, शेजारी काही लावलं तर त्याच्या धावत्या फुटी ते गिळतात. पानओवा म्हणजे मसाल्यातला ओवा नव्हे, ती जाड, लवदार पानांची वेगळी वनस्पती. भज्यांना उत्तम, आणि तिला मारायचं तर जास्त पाणी घालावं लागतं. लसणाच्या बारीक पाकळ्या, ज्या सोलायचा कंटाळा येतो, त्या टोक वर करून खोचल्या की तीनेक आठवड्यांत पात कापता येते. मिरचीचं झाड वर्षभर आणि जपलं तर त्याहून जास्त टिकतं, पण पानं वाकडी होऊन आखडू लागली, म्हणजे बोकड्या आला, की उपचार करत बसू नये, उपटून टाकावं.

सांबाराला स्वतंत्र जागा द्यायला हवी, कारण सगळ्यांना तोच हवा असतो आणि सगळ्यांचा तोच फसतो. धना म्हणजे एक बी नव्हे, त्यात दोन दाणे असतात. चपलेखाली किंवा लाटण्याने हलकेच रगडून तो दुभंगला नाही तर उगवण कमी होते. पीठ होईल इतकाही रगडायचा नाही. रात्रभर भिजवून पेरला की थंडीत आठ-दहा दिवसांनी हिरवं दिसतं. त्याचं मूळ सरळ खाली जातं, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावणं त्याला मानवत नाही आणि सहा-सात इंच खोली लागतेच. मुख्य गोष्ट उष्णतेची. तापमान तिशीच्या वर राहिलं की तो पानं सोडून फुलाच्या मागे लागतो, पान दोऱ्यासारखं बारीक होतं. भंडाऱ्यात ऑक्टोबराच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत त्याचा खरा हंगाम. मार्चमध्ये पूर्वेच्या बाजूला, दुपारी सावली येईल अशा जागी एक पेरणी निघते. एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, सांबार पेरू नये. हिरव्या जाळीखाली जो येतो तो घातलेल्या पाण्याच्या आणि मेहनतीच्या लायकीचा नसतो. जुलै-ऑगस्टात छपरीच्या आत, पण उजेड येईल अशा काठावर, विरळ पेरलेला क्रेट चालतो, आणि त्या महिन्यांतला सांबार बाजाराच्या भावाशी तोलला तर कष्ट वसूल करतो. म्हणजे ‘वर्षभर ताजी कोथिंबीर’ हे वाक्य इथे खरं नाही. सात-आठ महिने, तेही निगराणीने.

उन्हाळ्यात कुंड्यांना रोज पाणी आणायचं कुठून, हा आक्षेप दिसतो तेवढा मोठा नाही. मे महिन्यात इथे उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला दहा ते पंधरा मिलिमीटर उडतं. फूटभर व्यासाच्या कुंडीला त्या हिशेबाने पाऊण ते एक लिटर पुरतं, सावलीत त्याहून कमी. चार कुंड्या म्हणजे फार तर चार लिटर. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी रोज इतकं निघतंच. भांड्यांचं, कपड्यांचं साबणाचं पाणी मात्र कुंडीत नको. धोप्याच्या खाचरात ते पसरून जातं, डब्यात त्यातले क्षार साचत जातात आणि पानांच्या कडा करपतात. पाणी कधी घालायचं हे वरची माती पाहून कळत नाही. कुंडी एका बाजूने उचलून पाहावी, हलकी लागली तर घालावं. पावसाळ्यात उलट काळजी. कुंडीखालची ताटली काढून ठेवावी, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्यापर्यंत पोचतो. त्याची अंडी काठाला चिकटून कोरडीही टिकतात, म्हणून ताटली वापरायचीच तर नुसती ओतून चालत नाही, घासावी लागते. ‘घराजवळ झाडी म्हणजे सापाला आमंत्रण’ हा आक्षेपही गावात हमखास येतो. जमिनीवर दाटीने ठेवलेल्या कुंड्यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. फळीवर किंवा दोन विटांवर, खालून झाडणी फिरेल अशा ठेवल्या तर राहत नाही.

सापाहून गंभीर धोका फवारणीच्या पंपाचा आहे. धानावर तुडतुडे, खोडकिडा आला की घरात औषध येतं, पंप भरला जातो आणि तळाशी उरलेलं औषध ‘वाया कशाला’ म्हणून मिरचीवर, पुदिन्यावर मारलं जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा विदर्भाने या औषधांची ताकद पाहिली. धानाच्या औषधाच्या लेबलावर फवारणी आणि कापणी यांत किती दिवस ठेवायचे हे लिहिलेलं असतं, ते धानासाठी. ज्या पानाला खुडल्यापासून ताटात पडायला दोन मिनिटं लागतात आणि जे कच्चं खाल्लं जातं, त्याला असा कोणताच मोकळा काळ मिळत नाही. कुंडी लहान असते, म्हणून मावा बोटाने चिरडता येतो, पाण्याच्या धारेने पाडता येतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ती कुंडी रिकामी करून पुन्हा पेरता येते. काही विचारायचंच झालं तर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र साकोलीतच आहे. कृषी केंद्राच्या दुकानदाराकडे जाण्याआधी तिथे जावं.

राहिला प्रश्न, हे सगळं करणार कोण. पोषण, परसबाग, सेंद्रिय असे शब्द आले की ते काम न सांगता घरच्या बाईच्या अंगावर पडतं, आणि जी आधीच पाणी, सरपण, रोवणा, स्वयंपाक यांत पिळून निघालेली आहे तिच्या दिवसात आणखी अर्धा तास घुसतो. हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि त्याला उत्तर कुंड्यांची संख्या कमी ठेवण्यात आहे. पंधरा कुंड्यांची शोभिवंत रांग ही खरोखरच नवी वेठबिगारी. चार कुंड्या आणि दोन क्रेट, त्यांतले पुदिना आणि पानओवा एकदा लावले की राहणारे, हे तांदूळ धुतलेलं पाणी ओतता ओतता होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. आंगणातल्या वृंदावनातली तुळस पिढ्यान्‌पिढ्या याच कारणाने तगली: ती रोजच्या वाटेवर आहे आणि एकटी आहे. पेरणी, माती बदलणं, क्रेट उचलणं ही जड कामं वर्षातून मोजक्याच वेळा येतात, ती घरातल्या पुरुषांनी करायला हरकत नाही. त्यांना धानाचे पऱ्हे टाकता येतात तर धनेही टाकता येतील.

शेवटी बियाण्याचं. फेब्रुवारीतल्या क्रेटमधली आठ-दहा रोपं न खुडता सोडून दिली तर मार्च-एप्रिलमध्ये ती फुलतात, धने धरतात, आणि वाळवून ठेवलेले हे धने ऑक्टोबरात पेरायला होतात. फक्त जी रोपं सगळ्यांत आधी फुलोऱ्यावर आली ती सोडू नयेत, उशिरा आली ती सोडावीत, नाहीतर दरवर्षी आपणच लवकर फुलणारा सांबार निवडत जातो. किराणा दुकानातले मसाल्याचे धनेही उगवतात, पण ते किती जुने आहेत याचा भरवसा नसतो. म्हणून मूठभर ओल्या फडक्यात बांधून पाहावेत, निम्म्यांनाच मोड आले तर दुप्पट पेरावेत. कृषी केंद्रातल्या पाकिटातल्या बियाण्याला बहुधा थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्यातले पेरून उरलेले धने मसाल्याच्या डब्यात जाऊ देऊ नयेत, कोंबड्यांनाही टाकू नयेत.